एक पितर, तीन टोप्या

गेल्या आखाजीला मी एकाच दिवशी तीन वेगवेगळ्या घरांतला मेलेला माणूस होतो.

माझ्या डोक्यावर परिणाम झालेला नाही. (झाला होता तो पोटावर, आणि तोही दोन दिवसांत उतरला.) आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्या वरवट बकालकडे त्या दिवशी घरोघर गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, आणि त्याच्या जागी एका जित्याजागत्या माणसाला पाटावर बसवून जेवू घालतात. त्या माणसालाही पितरच म्हणतात. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, डोक्यावर नवी टोपी, खांद्यावर नवा टॉवेल. तो पोट भरून उठला की गेलेला माणूस तृप्त झाला! आणि तो उठेपर्यंत घरातल्या कोणी तोंडात घास घालायचा नाही.

आता यात माझ्यासारख्याला मोहात पाडणारी गोष्ट म्हणजे आमरस. आखाजीला पितराच्या ताटात रस पडल्याशिवाय आमच्याकडे आंबा खात नाहीत. बाजारात महिनाभर आधीपासून पिवळे ढीग लागलेले असतात, माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान नेमकं त्या ढिगांसमोर, आणि मी आपला तांब्याची तार गुंडाळत तो वास घेत बसतो. बाकीचे लोक दिवाळीची वाट पाहतात, पगाराची पाहतात, मी वर्षभर आखाजीच्या पहिल्या वाटीची वाट पाहतो. त्या वाटीसाठी मी काय वाटेल ते करीन, अगदी मरीनसुद्धा. तसं झालंही.

सुरुवात झाली दामूकाकांच्या तेरवीला, म्हणजे तेराव्याच्या जेवणाला. दामूकाका आमचे शेजारी. त्यांचं जेवण आणि त्यांचा ढेकर, दोन्हींचा गावात दबदबा होता. त्यांनी अंगणात ढेकर दिला की गल्लीच्या टोकाला झोपलेलं कुत्रं उठून बसायचं. तेरवीच्या दिवशी सगळे पांगल्यावर त्यांच्या बायकोने, शेवंताकाकूंनी, मला बाजूला घेतलं.

"भास्कर, आखाजीले यायच्या जागी तूच बसजो बापा. यायच्यासारखं जेवनारं गावात दुसरं कोनी नाई."

माझ्या आयुष्यात कोणी केलेलं हे सर्वांत मोठं कौतुक. मी म्हटलं, "हाव काकू. शब्द देल्ला."

त्यानंतर दिवाळी गेली, थंडी गेली, उन्हाळा आला, विहिरींवरच्या मोटारी धडाधड जळायला लागल्या आणि मला मान वर करायला फुरसत राहिली नाही. अशात माझा चुलतभाऊ दिगंबरदादा दुकानात आला. तो बराच वेळ काहीतरी बोलत होता, मी वेटोळे मोजत होतो.

"मंग यंदा बाबांच्या जागी तूच बसशीन ना?"

"हाव दादा," मी म्हटलं. (माझ्या कानावर फक्त 'बसशीन ना' पडलं. मला वाटलं, तो दुकानातल्या स्टुलाबद्दल बोलतोय.)

दिगंबरदादाचे बाबा म्हणजे माझे सख्खे मोठेबाबा. चूक लक्षात आली तेव्हा दादाने सगळ्या भाऊबंदांना सांगून टाकलं होतं. आणि आमची स्वतःची घागर थोरल्या भावाकडे खामगावला भरते, तेव्हा घरी काम आहे अशी सबबही मला नव्हती.

इथवर माझा दोष नाही असं मी आजही म्हणतो. तिसऱ्या घराचं मात्र तसं म्हणता येत नाही. अवधूतरावांची मोटार जळली म्हणून मी त्यांच्या शेतात गेलो. विहिरीच्या काठावर त्यांचा जुना गावरान आंबा आहे, साखऱ्या. नावातच सगळं आलं. फांद्या पार जमिनीला टेकल्या होत्या. मी मोटार काढायची सोडून त्या झाडाकडे बघत उभा राहिलो.

"अवधूतराव, तुमच्या आबांच्या जागी आखाजीले कोन बसते?"

"ठरलं नाई अजून. पायतो कोनी."

"पायता कायले? मी रिकामाच आहो!"

माझी बायको सुनंदा हिला हे सगळं आखाजीच्या आदल्या दिवशी कळलं. ती पुरणासाठी डाळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"तिघायलेही हो म्हनलं?"

"हाव."

"आन पोटं किती हायेत तुमाले?"

"थोडं थोडं खाईन प्रत्येक घरी."

"पितर कधी थोडं खाते काय? आन त्या शेवंताकाकूची पहिली आखाजी हाय. पयले त्यायच्याकडे जा. उपाशी पोटानं जा."

पण मला माझी योजना पटलेली होती. सकाळी दादाकडे शास्त्रापुरतं खायचं, मग अवधूतरावांकडे फक्त रस चाखायचा, आणि काकूंकडे सगळ्यात शेवटी, निवांत, मनसोक्त जेवायचं. कागदावर ही योजना फार सुरेख दिसली असती.

"आन घरी?" सुनंदाने विचारलं. "मी रस करून ठेवीन. तुमी आल्याबिगर वाटी तोंडाले लावनार नाई."

"घरी येऊन आपन दोघं संगमंग खाऊ," मी म्हटलं. म्हणजे बघा, चौथं घरही मी स्वतःच जोडून घेतलं!

सकाळी आंघोळ करून उपाशीपोटी दादाकडे पोचलो. दादाने माझे पाय धुतले. हा माणूस लहानपणी माझे कान पिरगाळायचा, आज माझे पाय धुवून ते पुसत होता, त्यामुळे मला फारच बरं वाटलं. डोक्यावर कडक टोपी चढली, खांद्यावर टॉवेल आला. वहिनीने ताट वाढलं. पुरणपोळी, कुरडया, भजी, चिंचेचं सार आणि रसाची वाटी.

मी ठरवल्याप्रमाणे अर्धी पोळी खाऊन हात आखडता घेतला.

"हे काय?" दादा गरजला. "माहा बाप अर्ध्या पोळीवर उठे काय कधी?"

"दादा, पोट..."

"पोट तुहं नाई आज! पोट बाबांचं हाय!"

पोळी खाल्ली, दुसरी खाल्ली. मग वर्षातली पहिली रसाची वाटी ओठाला लावली आणि माझे डोळे आपोआप मिटले. काय सांगू! अख्खा महिना ज्याच्या नुसत्या वासावर काढला ते थंडगार, घट्ट, वर तुपाचा थेंब पडलेलं सुख सरळ घशातून खाली उतरलं. योजनाबिजना कुठल्या कुठे गेली. डोळे उघडले तेव्हा तिसरी वाटी संपलेली होती आणि मी चौथीकडे बघत होतो.

बाहेर आल्यावर मी भानावर आलो. पुढच्या घरी उपाशी पितर म्हणून जायचं होतं. हातपंपावर कपाळाचं गंध खसखसून धुतलं, मिशीतला रस धुतला, टॉवेल स्कूटीच्या डिकीत कोंबला. टोपी मात्र डोक्यावर तशीच राहिली. (मला टोपीची सवय नाही. सवय असती तर काढायची आठवण राहिली असती.)

अवधूतरावांच्या घरी घागरीजवळ त्यांची आई बसली होती. आबांची बायको, वय फार, दृष्टी अधू. तिने चाचपडत माझं डोकं शोधलं आणि नवी टोपी घातली, ती सरळ जुन्या टोपीवर! अवधूतराव तेव्हा आगारीचा, म्हणजे पितराचा नैवेद्य टाकायचा, निखारा फुंकत होते, त्यांना काही दिसलं नाही. मी गप्प राहिलो. मेलेल्या माणसाने फार बोलू नये.

"माय, मले फक्त रस चालेन," मी म्हटलं.

"असं कसं? आबा जेवले म्हंजे घर जेवलं."

म्हातारी स्वतःच्या हाताने वाढत होती आणि वाढताना तिला काही दिसत नव्हतं, ही खरी अडचण. मी "पुरे" म्हणून वाटीवर हात आडवा धरला. तिने माझ्या हातावर पळीभर रस ओतला! बोटांमधून तो वाटीत, मनगटावरून कोपरात, कोपरावरून धोतरात.

"पुरे माय, पुरे!"

"आबाही 'पुरे पुरे' म्हनतच पेत होते," ती हसून म्हणाली आणि दुसऱ्या पळीला लागली.

साखऱ्याचा रस वाया घालवायचा म्हणजे पाप. मी वाटीतला प्यालो, हातावरचा चाटला. साखऱ्या तो साखऱ्याच! पण माझ्या पोटात आता मोठेबाबा आणि आबा यांची जागेवरून बाचाबाची सुरू झाली होती.

स्कूटीवर बसलो तेव्हा तीही कण्हली. गावातल्या रस्त्यावर एवढे गतिरोधक आहेत हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक गतिरोधकावर मी उतरून स्कूटी ढकलत पार करत होतो. तेवढ्यात फोन वाजला. शेवंताकाकूंचा मुलगा गजू.

"भाऊ, कुठी हाय तुमी? कावळा जेवून गेला बी! लेकरं रसाकडे पाहून रडून राह्यली. आन माय तर पहाटपासून नुसत्या पान्यावर हाय."

तेव्हा मला पहिल्यांदा खरी लाज वाटली. काकूंनी मला शब्द मागितला होता, तोही तेरवीच्या दिवशी. बाकी दोन घरी मी खायला गेलो होतो. या एका घरी मला खरंच जेवायचं होतं.

मी पोचलो. काकू दारात उभ्या होत्या, धुतलेलं लुगडं, हातात पाण्याचा तांब्या. मी पाटावर बसलो. (बसलो म्हणजे भिंतीला धरून उतरत उतरत टेकलो.) ताट आलं. काकूंनी पहाटे उठून सगळं एकटीने केलं होतं, सुनेला हात लावू दिला नव्हता. दामूकाकांना आवडायची म्हणून वांग्याची भाजी वेगळी, ठेचा वेगळा, आणि रस वाटीत नव्हता, काकांच्या जुन्या पितळी गडव्यात होता.

मी पहिला घास घेतला. तो तोंडातच राहिला. खाली जागाच नव्हती! मी चावत राहिलो. काकू बघत राहिल्या. गजू, त्याची बायको, दोन लेकरं, सगळे माझ्या गळ्याकडे बघत होते.

"काऊन जेवून नाई राह्यले?" काकूंचा आवाज बारीक झाला. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. "अहो, रुसले काय तुमी?"

"काकू, मी भास्कर..."

"तू गप बस! मी त्यायच्याशी बोलून राह्यली."

मी गप्प बसलो. घास अजून तोंडातच होता, त्यामुळे ते सोपं गेलं.

"तुमची बाज मी जावयाले देल्ली म्हनून का? ती मोडेलच होती हो!" मी मान हलवली, म्हणजे नाही, तसं काही नाही. काकूंना ते पुरेसं वाटलं नाही. "मंग चहाचं कळलं वाटते. बरं, सांगतो. डॉक्टरनं सांगतल्यापासून तुमच्या चहात मी साखर टाकतच नोती. नुसता चमचा फिरवो, आवाज याव म्हनून!"

गजूच्या बायकोने तोंडाला पदर लावला. मी कसाबसा घास गिळला आणि दुसऱ्याला हात घातला, पण हात ताटापर्यंत जाऊन थांबला.

"अजून रुसलेच हायेत," काकू घाबरल्या. "मंग रेडिओच! बाई गं! अहो, रेडिओ बिघडला नोता. मीच त्यातले सेल काढून डब्ब्यात ठेवले होते. दिवसभर बाजारभाव ऐकून ऐकून माहं डोस्कं उठे!"

आता गजूचा धीर सुटला. तो पुढे आला आणि माझ्या पायाजवळ बसला.

"बाबा, तुमची सायकल चोरीले गेली नोती. मी भंगारात देल्ली."

काकू गर्रकन वळल्या. "काय? भंगारात? आन मी पोलीस पाटलाच्या घरी चार चकरा मारल्या! त्या गल्लीतल्या बिचाऱ्या बंड्यावर संशय घेतला!"

"माय, तिचा पायडल..."

"पायडल राहू दे! बापाच्या म्होरं सांग, किती दिवस खोटं बोलला?"

"तू सेलाचं सांगतलं होतं काय त्यायले?"

दोघे माझ्याकडे बघू लागले. आता निवाडा मी करायचा! घागर भरलेली, निखारा विझत चाललेला, लेकरं भुकेने रडकुंडीला आलेली, आणि मी, दामूकाकांच्या वतीने, सायकल आणि रेडिओ यांच्या मध्ये बसलेला. काकूंच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं होतं. वर्षभर त्यांनी या एका ताटाची वाट पाहिली होती. मला इतकं वाईट वाटलं की मी मनातल्या मनात म्हटलं, दामूकाका, तुम्ही खरंच कुठे असाल तर माझं जाऊ द्या, पण या बाईसाठी काहीतरी करा.

आणि मी तोंड उघडलं, काकूंना खरं काय ते सांगायला.

शब्द आलाच नाही. आला तो ढेकर! पोटाच्या तळापासून निघालेला, मोठेबाबा आणि आबा दोघांना बाजूला सारत वर चढलेला, लांब, घुमणारा ढेकर. ताटातली कुरडई थरथरली. गल्लीच्या टोकाला कुत्रं भुंकलं.

गजूच्या लहान लेकीने रडणं थांबवलं.

"हाच!" काकूंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "हाच तो! अरे गजू, आयकलं का? आले रे, हे आले!" आणि त्या एकदम हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि बाई हसतेय. दामूकाका गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. सुटलो, वाटलं! ढेकर दिला, पितर तृप्त झाला, आता उठावं. मी हात धुवायला तांब्या पुढे ओढला.

काकूंनी तो तांब्या काढून घेतला.

"उठता कुठी? हे पयल्या ढेकरानंतरच तर खरं जेवत! गजू, गरम पोळ्या आन रे! रस आन!"

पुढचं मला नीट आठवत नाही. धोतराची गाठ सैल केल्याचं आठवतं. काकू पंखा घालत होत्या आणि प्रत्येक घासाला "घ्या, घ्या" म्हणत होत्या एवढं आठवतं. पण मी जेवलो. शपथेवर सांगतो, दोन पोळ्या आणि तो पितळी गडवा मी रिकामा केला. कसा, ते दामूकाकांनाच माहीत.

उशिराच्या घाईत घालायची राहून गेलेली नवी टोपी काकूंनी शेवटी आणली. घालण्याआधी माझ्या डोक्यावरची काढली. तिच्या खाली अजून एक टोपी होती! काकूंनी तीही काढली. दोन्ही टोप्या हातात घेऊन त्यांनी एकदा टोप्यांकडे पाहिलं, एकदा माझ्या धोतरावरच्या पिवळ्या ओघळाकडे.

"किती घरं?" त्यांनी विचारलं.

"दोन, काकू. आधी दादाकडे, मंग अवधूतरावांकडे."

"म्हंजे हे रुसले नोते? तुहंच पोट भरेल होतं?"

"हाव काकू."

काकू कपाळावर हात मारून खालीच बसल्या. "हात्तिच्या माय! मंग मी रेडिओचं उगाच सांगतलं!"

यावर गजू जो हसला, त्याच्यामागे सगळं घर हसलं. काकूंचं हसू तर आवरेना. "हेही असेच," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "यायनं जल्मात टोपी इकत नाई घेतली. दर आखाजीले दोन-तीन घेऊन येत!" आणि त्यांनी दोन्ही टोप्या माझ्या डोक्यावर परत ठेवून वर तिसरी चढवली.

स्कूटी चालवायची माझी अवस्था नव्हती. गजू स्वतः अजून जेवला नव्हता, तरी मला मागे बसवून घरी घेऊन आला. दारात सुनंदा उभी. आत पाट मांडलेला, ताट वाढलेलं, रसाच्या दोन वाट्या झाकून ठेवलेल्या. तिने माझ्या डोक्यावरचा मनोरा पाहिला.

"बसा. मी अजून जेवली नाई."

"सुनंदा," मी बाजेवर आडवा होत म्हणालो, "वाटीकडे पाहूसुद्धा शकत नाई मी."

"असं काय! तीन घरच्या मेलेल्या मान्सायसाठी जेवून आले, आता माह्या जित्या नवऱ्याच्या वाटचं कोन जेवीन?" ती दाराकडे वळली. "गजू, इकडे ये. पाय धुतले का बाबू?"

आणि गजू माझ्या पाटावर बसला. माझ्या ताटात, माझ्या वाटीतून, माझ्या वाटचा रस प्यायला लागला. समोर सुनंदा आपली वाटी घेऊन बसली आणि मिटक्या मारत त्याला आग्रह करू लागली.

"घे रे, अजून घे. लाजू नको. त्यायले रस लय आवडे!"

मी बाजेवर पडल्या पडल्या तीन टोप्या छातीवर ठेवून आपलंच जेवण बघत होतो. जिवंतपणी हे भाग्य फार कमी लोकांना लाभतं. तक्रार म्हणाल तर एकच आहे. गजूने दुसऱ्या वाटीनंतर हात आडवा धरला, आणि त्यामुळे माझा आत्मा अजून तिसऱ्या वाटीत अडकलेला आहे.